द्राक्षबागेत टांगलेलं लग्न

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण चार माणसं जमली की मी रंगवून सांगतो ती तक्रार एका डीव्हीडीची. ती आठवली की आजही मिशीतल्या मिशीत हसू फुटतं.

तेव्हा मी सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना हवालदार खबर घेऊन आला, "साहेब, सुभेदारांच्या पोरीचं लग्न पाव्हण्यांनी द्राक्षबागेत टांगलंय!"

खबर पक्की होती. लग्नाच्या डीव्हीडी पंधरा घरांत वाटल्या होत्या आणि एकाही घरच्या प्लेअरवर चित्र उमटलं नव्हतं. मग पाहुण्यांनी त्या चकचकीत तबकड्या पाखरं हाकायला बागेत बांधल्या.

पाठोपाठ सुभेदार स्वतः आले. सरहद्दीवर असल्यानं त्यांना मुलीच्या लग्नाला रजा मिळाली नव्हती. आता आठ दिवस आले होते, आणि त्याच संध्याकाळी मिरजेहून त्यांची परतीची गाडी होती.

"साहेब, लग्नाच्या फोटोग्राफरनं रिकामा कॅमेरा फिरवलाय. रिपोर्ट लिवून घ्या." मग आवाज खाली आला. "पोरीचं लगीन न बगताच जायचं का मी?"

फोटोग्राफरला बोलावून घेतलं. हा कुपवाडच्या कारखान्यात कामाला, सुट्टीच्या दिवशी लग्नाचं शूटिंग करायचा. मी टेबलावर छडी आपटली. हा माझा ठेवणीतला प्रवेश.

"खरं बोल! कॅमेऱ्यात काय होतं?"

"आवं साहेब, लगीनच हुतं की! माज्या कॉम्प्युटरवर समदं दिसतंय. आयची शप्पत!"

"मग प्लेअरवर का दिसत नाही?"

"प्लेअर जुनं झाल्यात, साहेब."

"पंधराच्या पंधरा?"

"...व्हय."

दोन पंचांसमक्ष बागेतली एक तबकडी जप्त केली आणि ठाण्यातल्या प्लेअरवर लावली. काहीच नाही. हवालदारानं पंचनाम्यात लिहिलं, 'तबकडीवर लग्न आढळले नाही. निरखून पाहता पंचांचे चेहरे दिसले.'

छडा लावला तो ठाण्याचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या आमच्या महिला शिपायानं. तिनं तबकडी कॉम्प्युटरमध्ये घातली.

"साहेब, ही कोरी न्हाई. आत एकच भलीमोठी फाइल हाय." ती फोटोग्राफरकडं वळली. "दादा, दर वेळी फोल्डर टाकता ना? ह्या वेळी काय केलंत?"

त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

झालं होतं असं. एरवी तो सॉफ्टवेअरनं तयार केलेलं फोल्डर तबकडीवर उतरवायचा. प्लेअरला हवं ते सापडायचं. या वेळी त्यानं डिस्कची इमेज बनवली, म्हणजे सगळी डीव्हीडी एका फाइलमध्ये बांधलेली. ती 'बर्न इमेज' म्हणून उतरवायची असते, मग ती तबकडीवर उलगडते. यानं ती बांधलेली फाइलच कॉपी केली. त्याच्या कॉम्प्युटरला ती उघडता येत होती, घरच्या प्लेअरला नाही.

"म्हणजे पंगतीला बसलेल्यांच्या पानात तू डबा झाकणासकट वाढलास!" मी म्हणालो.

"त्यो बी पंधरा पानांत!" सुभेदार गरजले.

ठाण्याच्याच कॉम्प्युटरवर नवी तबकडी केली आणि प्लेअरला लावली. सनई वाजली तसं सगळं ठाणं टीव्हीपुढं जमलं. अक्षता पडल्या. नवरीनं कॅमेऱ्याकडं पाहिलं, पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडं बोट केलं. "आबा, तुमची जागा ठिवलीया." आणि तिनं कडक सॅल्यूट ठोकला.

सुभेदार ताडकन उठले. टाच वाजली, हात कपाळाला गेला. सवयीनं आम्हीही उभे राहिलो. फोटोग्राफरनंही सॅल्यूट केला, डाव्या हातानं.

तक्रार तिथंच मिटली. सुभेदारांना मिरज स्टेशनवर सोडलं ते फोटोग्राफरनंच, आपल्या मोटरसायकलवरून. तबकडी त्यांच्या छातीशी होती.

दोन जबाब जुळले नाहीत की एक जण खोटं बोलतो, असं मी तोवर धरून चालायचो. इथं दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते. तेव्हापासून छडीला हात घालण्याआधी मी एक प्रश्न विचारू लागलो, "तू हे कशावर पाहिलंस?"

हवालदारानं पंचनामा मात्र पुरा केला होता. 'तबकडीवर लग्न आढळले. तसेच हजर कर्मचाऱ्यांचे डोळे ओले आढळले.' त्यात काहीही दुरुस्ती न करता मी खाली सही केली.