महाराजांची क्षमा

बेसा रोडवरच्या दुकानात कुणीतरी केवड्याचं अत्तर उघडलं आणि मला उमरेडचा तो सत्संग आठवला. तेव्हा माझं नवीन लग्न झालं होतं. नवरा मारतो, हे मी महाराजांना विश्वासानं एकांतात सांगितलं होतं. त्यांनी ते भर सत्संगात उघड केलं आणि मला कान धरून नवऱ्याचीच माफी मागायला लावली. अत्तरात न्हालेले महाराज तेवढा वेळ शिऱ्यातले काजू वेचून खात होते. त्यांची ती बेफिकिरी मला तेव्हा विरक्ती वाटली. आज वाटतं, किती खादाड माणूस होता.

मी रडत बाहेर आले. मागोमाग सत्संगाला आलेली माझी मामी आली.

"काहून रडून राहिली वं? मार तू खाल्ला, अन् माफीबी तूच मागितली. याले धरम नाही, छळ म्हणतेत. चाल माझ्या घरी."

मी गेले, ती परतलेच नाही. पण महाराजांचा शाप लागेल ही भीती पुढं कित्येक वर्षं गेली नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या एका शिष्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, महाराजांनी तुम्हाले माफ केलं. आता दर्शनाले या."

मला खदखदून हसू आलं. भीती पूर्ण गेली आहे, हे मला त्या हसण्यातूनच कळलं.