शर्मिष्ठाताईंनी न केलेली सही

रायपूरच्या एका सरकारी इस्पितळात शर्मिष्ठाताई मुळे समाजसेविका आहेत. ज्या रुग्णांसोबत कोणी नसतं त्यांचं गाव, त्यांची माणसं शोधायची आणि सुट्टी देताना डॉक्टरांच्या सहीखाली आपली सही करायची, हे त्यांचं काम. घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं. पुण्याकडचे नातेवाईक लग्नकार्यात त्यांच्या 'मले-तुले'वर हसतात, आणि घरात भाची अनुश्री मराठीतल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देते. दोन्हींचा त्यांना राग येतो. पण त्यांचा खरा संताप इस्पितळानं पाहिला तो एका म्हातारीच्या पायी.

म्हातारीला रेल्वे पोलिसांनी आणलं होतं. ठेंगणी, कपाळावर आणि हातांवर गोंदलेली. फलाटावर येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात धरून ती काहीतरी ओरडत होती म्हणे. मनोरुग्णांच्या वॉर्डात डॉक्टर भार्गवांनी तिला हिंदीत नाव विचारलं. ती बरंच बोलली. डॉक्टरांनी लिहिलं, 'अज्ञात महिला. असंबद्ध बडबड, हवेत हातवारे.' आणि झोपेची इंजेक्शनं सुरू झाली.

शर्मिष्ठाताई तिच्या खाटेवर जाऊन बसल्या. हिंदी झाली, छत्तीसगढी झाली. मग त्यांनी वॉर्डातला कर्मचारी लोकेश नेताम याला बोलावलं. तो कोंडागावकडचा, घरची भाषा गोंडी. त्यानं विचारल्यावर म्हातारीनं आशेनं मान वळवली, नीट ऐकलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"ये गोंडी नहीं है, मैडम," लोकेश म्हणाला. "पर पागल जैसा भी नहीं लगता. रुक-रुक के, जवाब जैसा बोलती है."

ताईंनी हे भार्गवांना सांगितलं. ते म्हणाले, "आदिवासी भाषा तो एक ही है ना? त्यालाच कळत नाही म्हणजे ती भाषाच नाही."

"सर, हिंदी आणि पोर्तुगीज एकाच भाषाकुळातल्या आहेत. उद्या तुम्ही लिस्बनमध्ये हरवलात आणि तिथल्या डॉक्टरानं तुमच्या हिंदीला बडबड म्हणून इंजेक्शन टोचलं, तर चालेल?"

"वॉर्ड भरलाय, मैडम," भार्गव म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

घरी आल्यावर ताईंनी पर्स खुर्चीवर आपटली. नवरा विनायकराव रेल्वेतून निवृत्त झालेले, शांत माणूस. त्यांनी विचारलं, "काहून एवढी चिडून राहिली तू?"

"ते बाई बोलून राहिली, आन आमी लिहून राहिलो का तिले बोलताच येत नाही. मंग चिडू नको तं काय करू?"

दुसऱ्या दिवशी ताईंनी इंजेक्शनाच्या आधीच वॉर्ड गाठला. सिस्टर लिसी म्हातारीला चहा देत होत्या. म्हातारीनं त्यांचा हात पकडला, आपल्या पापणीवर ठेवला आणि एक शब्द पुन्हापुन्हा म्हटला. लिसी केरळातल्या कोट्टायमच्या. त्या थबकल्या.

"खन्न म्हणतेय. आमच्या मलयाळममध्ये डोळ्याला कण्णु म्हणतात."

"गोंडी में भी कन बोलते हैं," लोकेश म्हणाला.

ताईंनी मोबाईलचा दिवा तिच्या डोळ्यांवर धरला. दोन्ही बाहुल्या दुधाळ. मोतीबिंदू पिकला होता. हवेतले हातवारे कसले, ती बाई चाचपडत होती.

मलयाळमच्या कुळातली, गोंडीच्या नात्यातली, पण गोंडी माणसाला न कळणारी. म्हणजे जशपूरकडच्या उरांव आदिवासींची कुडुख असेल, असं ताईंना वाटलं. जशपूरच्या पोरींचं एक वसतिगृह शहरात होतं. तिथून त्यांनी अनिमा एक्का या नर्सिंगच्या विद्यार्थिनीला आणलं. अनिमानं खाटेवर बसून एकच वाक्य विचारलं. म्हातारीनं तिचं मनगट धरलं आणि ती कितीतरी वेळ बोलत राहिली.

अनिमा हळू आवाजात सांगू लागली. बाईचं नाव मंगरी तिर्की. गाव जशपूरच्या वरच्या पठारावर. मुलगा सुशील डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी घेऊन आला होता. स्टेशनच्या गर्दीत त्याचा हात सुटला.

"ऑपरेशन कुठं होतं?" ताईंनी विचारलं.

"इथंच, मैडम. याच इस्पितळात."

सुशील सापडायला वेळ लागला नाही. तो रोज रेल्वे पोलिसांकडे खेटे घालत होता, पण त्यांच्या वहीतही 'अज्ञात वेडी बाई' एवढीच नोंद होती. इस्पितळातही येऊन गेला होता. पण मंगरी तिर्की नावाचं कोणी भरती नव्हतं. आईला पाहून तो रडला, मग त्यानं ताईंना विचारलं, "माँ ने अपना नाम तो बताया होगा?"

बताया होगा. रोज सांगत होती.

डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि सुट्टीचा कागद आला. त्यावर लिहिलं होतं, 'मानसिक अवस्थेत सुधारणा.' ताईंनी पेन बंद करून ठेवलं.

"सही करा ना," भार्गव म्हणाले. "बरी झाली असंच लिहिलंय."

"बरं व्हायला आधी आजारी असावं लागतं, सर. हा कागद घेऊन ती गावात गेली की जन्मभर पागल म्हणवली जाईल. मी सही करणार नाही."

अधीक्षकांचा फोन आला, तरी ताई हटल्या नाहीत. सुशीलची बस चुकली. त्याला आणि मंगरीला ताईंनी चौबे कॉलनीत आपल्या घरी नेलं. दुसऱ्या दिवशी ताई मंगरीला परत घेऊन आल्या, तेव्हा भार्गव स्वतः वॉर्डात खुर्ची घेऊन बसले, अनिमाला मधे घेऊन मंगरीशी बोलले. त्यांनी प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. शेवटी मंगरीनं त्यांनाच विचारलं, की तुमच्या घरी कोण कोण आहे. भार्गवांनी कागदावरची ओळ खोडली आणि लिहिलं, 'मानसिक आजार आढळला नाही.' ताईंनी सही केली. मंगरीची माफी मात्र भार्गवांनी मागितली नाही. ती ताईंनी मागितली, अनिमाच्या तोंडून.

नंतर दुभाषे नेमावेत असा अर्ज घेऊन ताई नवा रायपूरला, मंत्रालयात गेल्या. रुंद, रिकामे रस्ते, बसची वाट पाहून पाहून वैताग. अधिकारी हसून म्हणाले, "ये सब तो हिंदी की ही बोलियाँ हैं, मैडम."

"नाहीत," ताई म्हणाल्या. "छत्तीसगढीचे नातलग युरोपापर्यंत आहेत. कुडुखचे केरळात. आणि पहाडी कोरवा आदिवासींच्या भाषेचे पार कंबोडियात. अर्ध्या आशियाचा नकाशा आमच्या केसपेपरच्या रांगेत उभा असतो, साहेब. आणि खिडकीत बसलेल्याला एकच भाषा येते."

अर्ज विचाराधीन आहे. तोवर अडलं की अनिमा आणि तिच्या मैत्रिणी येतात, एक पैसाही न घेता, परीक्षा सोडूनसुद्धा. लोक त्या पोरींचं कौतुक करतात. कोणी ताईंसमोर केलं तर त्या भडकतात.

"कौतुक काहून करता?" त्या विचारतात. "पगार द्या ना त्याहिले."