माशांच्या टाकीचा पाइप

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

आमचं घर हर्सूलला. वर आम्ही, खाली भाडेकरू. नईमभाई शहागंजात शिलाईकाम करायचे. त्यांची बायको शबाना भाभी, आणि पहिलीतली झोया. अंगणात जमिनीखाली हौद — दोन्ही घरांना मिळून एकच. आमच्याकडं नळ आठ दिवसांनी येतो, तोही कधी येईल याचा नेम नाही. हौद एकदा भरला की आठवडा त्याच्यावर.

मला मासे पाळायचा नाद. वरच्या खोलीत काचेची टाकी होती. बायको म्हणायची, "माणसाला प्यायला पाणी नाय, अन् ह्यांच्या माशांचे लाड बघा." म्हणून मी टाकीचं पाणी बदलणं लांबवत गेलो. पंधरा दिवस, मग महिना. दाणे मात्र सढळ हातानं टाकायचो; मासे वर झेपावले की बरं वाटायचं. एक दिवस काचेवर काहीतरी हललं. दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या बारीक पांढऱ्या अळ्या. तळाच्या खड्यांतून निघून वळवळत काचेवर चढत होत्या. एक दिसली की दहा दिसायच्या. मला किळस नाही आली — भीती वाटली. जेवायला बसलो की भातात त्याच दिसायच्या.

उन्हाळ्यातली दुपार होती. टाकी साफ करायला घेतली. लांब हिरवा पाइप आत सोडला, तोंडानं ओढ दिली आणि दुसरं टोक गॅलरीतून खाली पेरूच्या झाडाला सोडलं. तेवढंच झाडाला पाणी. खड्यांतली घाण, अळ्या, सगळं त्यातून चाललं होतं. अर्धं काम झालं आणि गल्लीत ओरडा झाला — नळ आला, नळ आला. नळापासून हौदापर्यंतचा नेहमीचा पाइप आदल्या खेपेलाच फाटलेला. मी तोच हिरवा पाइप टाकीतून ओढून काढला, धावत खाली गेलो आणि नळाला लावून हौदात सोडला.

धुतला नाही. गडबडीत विसरलो — असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण पहिल्या धारेबरोबर काळं पाणी हौदात पडलं, ते मी पाहिलं होतं. पाहूनही पाइप काढला नाही. नळ गेला तर?

हौद भरल्यावर बॅटरी मारून आत पाहिलं. पाणी नितळ होतं. मग एक पांढरा दोरा दिसला. तो हलला. मी झाकण लावलं.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? हौद उपसावा लागला असता. दोन घरं आठ दिवस कोरडी राहिली असती, आणि माझ्या माशांपायी हे झालं हे सगळ्यांना कळलं असतं. एवढंच. त्या एवढ्याला मी भ्यालो.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याचा जार आणला. बायकोला म्हणालो, डॉक्टरनं पोट जपायला सांगितलंय. वर आम्ही जारचं पाणी प्यायचो. खाली ते लोक — हौदाचं.

तिसऱ्या दिवशी शबाना भाभी ग्लास घेऊन जिना चढून आल्या. "भय्या, देखो तो, पानी में कुछ हिलरा." मी ग्लास उजेडात धरला. दिसत होतं. म्हणालो, "नळालाच तसं आलंय भाभी, सगळ्या गल्लीत. फडकं बांधून गाळा." त्या म्हणाल्या, "हौ, कपडा बांध के छान लेती मैं. तुमकू फुकट तकलीफ दी." आतला जार त्यांना दिसू नये म्हणून मी दार ओढून उभा होतो. पाणी उकळा, एवढं तरी म्हणायचं होतं. पण उकळा म्हटलं असतं, तर त्यांनी विचारलं नसतं का — कशासाठी?

पाचव्या दिवशी झोयाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. पोरीचे डोळे खोल गेले. रिक्षा मीच आणली. दवाखान्यापर्यंत तिचे पाय माझ्या मांडीवर होते — गार. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून झालंय. नईमभाई सगळ्यांदेखत बायकोला बोलले, "तेरेकू कितनी बार बोला, पानी उबाल के दे. बच्ची कू मार डालती क्या?"  भाभींनी माझ्याकडं पाहिलं. गाळा म्हणून मीच सांगितलं होतं ना? मी सलाइनच्या थेंबांकडं बघत राहिलो.

झोया बरी झाली. पुढं माशांच्या दुकानदारानं मला सांगितलं, "साब, ये कीडे कुछ नहीं करते. दाना कम डालो, पानी बदलो, बस." म्हणजे कदाचित ती त्या अळ्यांमुळं आजारी पडलीही नसेल. कदाचित त्या काळ्या गाळामुळं पडली असेल. कुणाला ठाऊक. पण हे मला नंतर कळलं. तेव्हा, त्या दवाखान्यात, मला वाटत होतं की पोरगी माझ्यामुळं मरू शकते. आणि तसं वाटत असतानाही मी गप्प होतो. डॉक्टरांशीसुद्धा.

त्यानंतर भाभी प्रत्येक ग्लास उन्हात धरून बघायच्या.  ईदला शीरखुर्मा वर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भय्या, तुम थे करके बच्ची बची." मी वाटी घेतली. त्यांच्यासमोर संपवली.

मग ते लोक कन्नडला राहायला गेले. मी टाकी केव्हाच काढून टाकलीय, तरी पाणी पिताना माझाही ग्लास उजेडाकडं जातो. बायको म्हणते, वय झालं तुमचं.

गेल्या ईदला नईमभाईंचा फोन आला होता. झोया कॉलेजात जाते म्हणाले. मग हसत हसत, "आपकी भाभी के हात में पानी का काम नई देते अब्बी भी. बच्ची कू कैसा कर दी थी, याद है ना?" मागून भाभींचा आवाज आला, "हौ, मेरीच गलती थी." मी म्हणालो, याद आहे. आणि फोन ठेवला.

चूक त्यांची नव्हती, माझी होती. नईमभाईंसमोर, भाभी ऐकत असताना, एवढं बोलणं माझ्याकडून बाकी आहे.