दगडी पाल्याची परीक्षा

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी न बोलावता वाढतात. एक बुरशी आणि दुसरे किस्से. बुरशी उकळून मारता येते. किस्से मात्र साठत जातात आणि चहाला चार माणसं जमली की बाहेर पडतात.

मी हिंगोलीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. झाडपाल्याचा रस जंतूंवर टाकायचा आणि ते मरतात का बघायचं, हा आमचा उद्योग. काचेच्या प्लेटमध्ये जंतूंचा थर वाढवायचा. रसाभोवती मोकळा गोल दिसला, तर रस कामाचा. त्या गोलाला आम्ही झोन म्हणतो. एवढं कळलं की माझा अर्धा अभ्यासक्रम झाला!

*

एका परिषदेत एका मोठ्या शहरातल्या सरांनी फार प्रेमाने विचारलं, "हिंगोली? तिथे जंतू वाढवायला इनक्युबेटर वगैरे आहे का हो?"

"आहे ना सर! सदतीस अंशांवर चालतो. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस असतं, तेव्हा जंतूंना जरा गारवा मिळावा म्हणून त्यात ठेवतो."

जेवणाच्या रांगेत सरांनी मला स्वतःहून पुढे जाऊ दिलं.

*

एकदा तुळशीच्या रसाचा एवढा मोठा झोन आला की प्लेटवर एक जंतू दिसेना. पोरं नाचायला लागली. मीही मनातल्या मनात पेपर लिहायला घेतला.

मग रसाच्या बाटलीचा वास घेतला. शेषराव मामा आमचे लॅब अटेंडंट, बावीस वर्षांचा अनुभव. त्यांना विचारलं, "मामा, ही बाटली कशाने धुतली?"

"फिनाइलनं. चांगली चमकवली का न्हाई?"

सगळ्यांची तोंडं उतरली. मामा मात्र प्लेट उजेडात धरून खूश.

"तुळशीचं मला ठावं न्हाई मॅडम. पण फिनाइल अस्सल हाये!"

*

हळदीचा किस्सा जरा भांडणाचा आहे. प्रदर्शनासाठी पोरांनी हळद पाण्यात कालवून प्लेटवर टाकली. झोन शून्य! पाण्यात तिचा अर्क नीट उतरतच नाही. अल्कोहोलमध्ये काढला तेव्हा लहानसा झोन आला. मी दोन्ही प्लेटा शेजारी शेजारी मांडल्या.

प्राचार्य धावत आले. "मॅडम, उद्या हळद मार्केटमधली मंडळी येणार. हळदीच्या गावात हळद नापास? त्या रिकाम्या प्लेटवर एक गोल काढा की पेनाने. कोणाला कळतंय?"

मला राग आला की माझा आवाज खाली जातो. मी हळूच मार्कर त्यांच्या हातात दिला.

"काढा सर. आणि खाली सही करा."

दोन्ही प्लेटा होत्या तशाच राहिल्या.

*

कांचन माझी विद्यार्थिनी, पुसेगावची. तिचे वडील किसनराव गावात जखमांवर बांधावरचा दगडी पाला चेचून लावतात. खुरपं लागलं, पत्रा लागला, की माणसं त्यांच्याकडे. एक रुपया घेत नाहीत. पोरीने प्रोजेक्टला तोच पाला घेतला.

मधल्या काळात किसनरावांच्याच पायाच्या अंगठ्याला जखम झाली. अंगात शुगर. महिना झाला, पाला लावतायत, जखम काळी पडत चाललीय, पण दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. कांचन लॅबमध्ये येऊन रडायची. "मॅडम, पाय जाईल त्यांचा!"

त्यातच पोरीने पाला वाळवून, भुकटी करून तपासल्याचं आणि झोन शून्य आल्याचं त्यांच्या कानावर गेलं. लंगडत थेट लॅबमध्ये!

"वाळवून? पाला वाळवून कोन लावतंय? काहून बदनाम करून राहिली गं माझ्या पाल्याला?"

मी म्हटलं, "किसनराव, बराबर आहे तुमचं. तुम्हीच करून द्या."

त्यांनी ताजा पाला आणला, स्वतःच्या हाताने चेचला. कांचनने दोन प्लेटांवर रस टाकला. एका प्लेटवर लॅबमधला नेहमीचा जंतू होता. दुसरीवर तिने बापाचा पाय धुताना जखमेतून कापसाने घेतलेला. नियमात बसत नव्हतं. मी बसवलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या प्लेटवर सुरेख झोन. किसनरावांनी मिशीवर हात फिरवला. "बघा! मी काय सांगून राहिलो?"

कांचनने दुसरी प्लेट पुढे केली. पाल्याभोवती जंतू भिंतीसारखा दाट. शेजारी ठेवलेल्या अँटिबायोटिकच्या चकतीभोवती मात्र मोकळा गोल.

"हा कोनाचा?"

"तुमचा, बाबा."

त्यांनी प्लेट फिरवून फिरवून पाहिली. मला पोरीचा अभिमान वाटत होता आणि बापाची कीवही येत होती. शेवटी ते शेषराव मामांना म्हणाले, "गाडी काढा."

अंगठा गेला. पाय राहिला.

*

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. कांचनची फाइल त्यांनी दोन बोटांनी उलटली.

"पाला चाललाच नाही की! मग गुण कशाचे द्यायचे?"

"एका जंतूवर चालला, सर. एकावर नाही. दोन्ही लिहिलंय."

"हा दुसरा जंतू कुठून मागवला? नंबर नाही, पावती नाही. असल्या नमुन्यावर मी नापास करू शकतो, माहीत आहे?"

कांचन ताठ उभी होती. "मागवला नाही सर. बाबांच्या पायातला आहे."

परीक्षक माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात दार ढकललं गेलं. बाहेरच्या बाकावर बसून ऐकत असलेले किसनराव आत आले. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला पांढरं बँडेज. ते टेबलाच्या अगदी समोर येऊन उभे राहिले.

"साहेब, मला आजपत्तर गावात कोनी नापास केलं न्हाई. ह्या पोरीनं केलं, म्हणून दोन पायावर उभा हाये. आता तुमी तिला नापास करून दाखवा!"