आईची झोप आणि शुक्ला आंटींचं एक वाक्य

होळीच्या थोडं आधीची गोष्ट. रविवारी दुपारी चेरीतालला आमच्या घरी जेवणाची पानं घेत होते, तेवढ्यात शुक्ला आंटींचा फोन आला. "बेटा, मम्मीजी उठ नहीं रही हैं... तुम जल्दी आओ."

शुक्ला आंटी म्हणजे आमच्याच शहरात, महाराजपूरला आईच्या शेजारी राहणाऱ्या. बाबा डिफेन्स फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी तिथे छोटं घर बांधलं. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटीच राहते, हट्टानं. घराची एक चावी आंटींकडे असते.

स्कूटरवरून कशी पोचले, आठवत नाही. आई पलंगावर होती. आंटींनी तिला कुशीवर वळवून ठेवलं होतं, अँब्युलन्सलाही त्यांनीच फोन केला होता. आई घोरत होती, पण ते घोरणं वेगळंच... मध्येच थांबायचं, आणि पुढचा श्वास येतच नाही असं वाटायचं. ओठ निळसर पडले होते. मी हाका मारल्या, गदागदा हलवलं. डोळे किलकिले झाले न झाले, पुन्हा मिटले.

खरं तर काही महिन्यांपासून आईचं काहीतरी बिनसलंच होतं. फोनवर जीभ जड वाटायची. वरणात दोनदा मीठ पडायचं. चालताना भिंतीचा आधार घ्यायची. एकदा तर मला मावशीच्या नावानं हाक मारली.

पुण्याचा भाऊ म्हणाला, "ताई, वय झालं तिचं. आता एकटं ठेवायला नको." मलाही तेच वाटत होतं. विसरण्याचा आजार सुरू झाला असणार, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं. महाराजपूरचं घर बंद करायचं, इथपर्यंत बोलणी आली होती. आईला अजून सांगितलं नव्हतं एवढंच.

कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नींद की कोई दवा लेती हैं?"

मी म्हटलं, हो, अर्धी गोळी. बाबा गेल्यावर आईला झोप येईना, तेव्हा नेपियर टाउनच्या एका डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिली होती. थोड्या दिवसांची ती गोळी अजून चालूच होती, आणि अर्धीची एक कधी झाली हे मला माहीतच नव्हतं.

"बस इतना ही? और कुछ?"

मी मान हलवणार, तेवढ्यात मागून आवाज आला. "डॉक्टर साहब... मैंने भी दी थी. अपनी वाली."

आंटींचा चेहरा पांढराफटक पडला होता. आई झोप येत नाही म्हणून रडली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या गोळ्यांची एक स्ट्रिप तिला दिली होती. नाव वेगळं, पण औषध त्याच जातीचं. आई दोन्ही घेत होती. त्यात त्या आठवड्यात खोकला झाला म्हणून गुंगी आणणारं सिरपही चालू होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. या वयात अशी औषधं शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत, साठत जातात. बोलणं जड होतं, तोल जातो, विसरायला होतं. आणि दोन-तीन गुंगीची औषधं एकत्र आली की श्वासच मंदावतो... आणखी उशीर झाला असता तर तो थांबलाही असता.

मला आंटींचा भयंकर राग आला. त्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. मी त्यांना तिथेच सोडून आईजवळ गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई नीट शुद्धीवर आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "काहून रडून राहिली तू? अन् शुक्लीन कुठं गेली?"

मी सगळं सांगितलं, रागारागानंच. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तिनं दिली, पण गिळली तर मीच ना? तिला माझं रडणं पाहवलं नाही. जा, बोलाव तिला आत."

आंटी आत आल्या आणि आईचा हात धरून ढसाढसा रडल्या. मी बाहेर जाऊन तिघींसाठी चहा घेऊन आले. दुसरं काय करणार होते!

घरी आल्यावर कठीण काळ सुरू झाला. अशा गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, झटकेही येऊ शकतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांच्या देखरेखीखाली डोस हळूहळू कमी करत नेला. आईची चिडचिड व्हायची, हात थरथरायचे. आंटी रोज दुपारी येऊन बसायच्या, तिला पेंगू द्यायच्या नाहीत. संध्याकाळी दोघी कॉलनीत फेऱ्या मारायच्या. स्वतःच्या गोळीबद्दलही त्या आपल्या डॉक्टरांशी बोलल्या.

आणि मग एक दिवस फोनवर आईनं मला धाकट्या मामाच्या लग्नातली सगळी भांडणं सांगितली... कोण रुसलं, कोणाची साडी कमी किमतीची निघाली, नागपूरचे पाहुणे कशावरून जेवता जेवता उठले, अगदी नावानिशी! मी पोळी तव्यावर जळू दिली, पण फोन ठेवला नाही. भावाला लगेच कळवलं, घर बंद करायचं नाही.

त्या दिवशी कॅज्युअल्टीत आंटी गप्प राहिल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं. सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगायला केवढं धैर्य लागलं असेल... त्या एका वाक्याचं ऋण मी कधी फेडू शकणार नाही.

तुमच्या घरी कोणी झोपेची गोळी घेत असेल तर एकदा जवळ बसून विचारा, कोणती, किती, आणि सोबत आणखी काय. कोणी प्रेमानं दिली तरी दुसऱ्याची गोळी घेऊ नका.

आईला आता झोप कमीच लागते, पहाटेच जाग येते. पण सकाळी उठते, ती आमची आईच असते.