वयाच्या मापाचा कपडा

१० मे २००१ रोजी अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे चित्र पालटले. मात्र सर्वत्र सारखे नाही: रुग्ण किती वर्षे जगतो, हे त्याच्या देशावर आणि वयावर अवलंबून राहिले.

पंचाहत्तरीच्या टेलरबाईंना हाच आजार निघाला, तेव्हा डॉक्टरांनी अर्धीच मात्रा सुचवली.

"या वयात पूर्ण मात्रा झेपत नाही, मावशी. सूज येते, हृदयावर ताण पडतो. बाहेरच्या देशांतले आकडे तेच सांगतात."

"त्यांत माझ्या वयाचे किती?"

"थोडेच."

"आणि आपल्याकडचे?"

"आपल्याकडे मोजदादच नीट झालेली नाही."

"आई, हुज्जत नको," लेक कुजबुजली.

टेलरबाईंनी तिकडे काणाडोळा केला. वय ऐकून कात्री चालवायची नाही, हा त्यांच्या दुकानाचा दंडक. 'आठ वर्षांच्या मुलीचा फ्रॉक' मागणाऱ्याला त्या मुलीला आणायला पिटाळत. गिऱ्हाइके तोंड वाकडे करून जात आणि मुलीला घेऊन परत येत. अंदाज येत नसेल, तर कच्चे टाके घालून कपडा आधी अंगावर चढवायचा. पक्की शिलाई नंतर.

"डॉक्टर, तुमचा कोट खांद्यावरून उतरलाय. तयार मापाचा ना?"

"हो."

"मग मला तरी तयार मापात बसवू नका. पूर्ण मात्रा कच्च्या टाक्यांनी घाला. नाही बसली तर उसवा."

डॉक्टर हसले, पण लगेच बधले नाहीत. आधी त्यांनी हृदय तपासले, बाईंना चालवून पाहिले. मग अट घातली, "रक्त वरचेवर तपासायचं. सूज लपवायची नाही."

"माप चोरलं तर कपडा माझाच बिघडेल."

महिन्याभरात पाय चपलेत मावेनात.

"आता तरी अर्धी घे," लेक काकुळतीला आली.

"पट्टा सैल करू. चपला टाकायच्या नाहीत," असे म्हणत बाई त्याच पायांनी डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी सुजेवर वेगळे औषध दिले. मात्रा तीच ठेवली.

तीन महिन्यांच्या तपासणीत आजाराचा अंश अपेक्षेइतका उतरला होता. अहवाल पाहून बाई एवढेच म्हणाल्या, "घाला पक्के टाके."

अर्ध्या मात्रेनेही तेवढाच गुण आला असता का, हे सांगता येत नाही. त्यांच्या देशात, त्यांच्या वयाच्या किती जणांना केवळ वय पाहून अर्ध्या मात्रेवर ठेवले आणि त्यांतले किती जगले, हेही अज्ञात आहे. तशी नोंद कोणी ठेवलेली नाही.