दुसरा डोस

गुरांच्या दवाखान्यातल्या सुईमामांचा लस टोचण्यात हात धरणारा कुणी नव्हता. शेळीला पत्ता लागायच्या आत सुई बाहेर आलेली असे आणि मामांचं भाषण सुरू झालेलं असे.

"आंत्रविषार म्हणजे साधं दुखणं नव्हे! जंतू आतड्यात आधीपासूनच असतात, मुक्कामी पाहुण्यासारखे गप्प. एकदम धान्य जास्त झालं की माजतात आणि विष सोडतात. सगळ्यात धष्टपुष्ट शेळी आधी जाते. लशीमुळे अंगाला त्या विषाशी लढायची सवय लागते, पण सवय पक्की व्हायला दुसरा डोस हवाच!"

गंमत अशी, की त्या दवाखान्यात दुसरा डोस कधी झालाच नाही. पहिल्याला मांडव, हारतुरे, साहेब, फोटोवाला. दुसऱ्याला काळं कुत्रं तरी फिरकणार का? "बघू पुढच्या महिन्यात," असं साहेब म्हणत आणि मामा मान डोलावत "हो साहेब" म्हणत.

यंदा लसीकरण मोहिमेच्या उद्घाटनाची शेळी मामींची होती. बाटलीने दूध पाजून वाढवलेली. मामींचा तिच्यावर लेकीएवढा जीव. साहेबांनी सुई हातात धरून फोटोपुरतं हसून घेतलं, टोचली मामांनीच. तो फोटो मोठा होऊन दवाखान्याच्या फाटकावर चढला. खाली ठळक अक्षरं : 'मी सुरक्षित आहे!'

मामी मागे लागल्या, "अहो, हिचा दुसरा डोस?"

"अगं, मी घरातच तर आहे. बाटल्या काय पळून जातायत?"

पुढे प्रदर्शन आलं. शेळीचा पहिला नंबर यावा म्हणून मामांनीच तिच्यापुढे घमेलंभर मका ओतला, ती अधाशासारखी खातेय बघून वर आणखी ओतला. सकाळी ती पाय झाडत पडली होती. दुपारपर्यंत सगळं संपलं. मामा गोठ्यात फतकल मारून बसले आणि लहान मुलासारखे रडले. कशाने गेली, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

पुढच्या मोहिमेआधी साहेबांचा फोन आला. "मामा, उद्घाटनाला तीच शेळी आणा. लोकांना तिचा चेहरा पाठ झालाय."

मामांच्या तोंडून सवयीने "हो साहेब" निघून गेलं.

मामी भांडी घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"न्या की," त्या म्हणाल्या, "फाटकावरून उतरवून न्या. आणि या खेपेला दुसरा डोस तेवढा विसरू नका."